सॉल्ट लेक सिटी आणि न संपलेला थर्मास

आमची लेक सई सॉल्ट लेक सिटीत शिकते. सुट्टी संपवून ती परत निघाली, तेव्हा मीच हट्ट धरला की विमान नको, कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटहून गाडीनेच सोडू. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि आठवडाभर ती ते गिळत होती. गाडीत बोलेल, अशी माझी आशा होती.

रस्ता सोपा आहे. इंटरस्टेट ८० पकडायचा आणि सोडायचाच नाही. सिएराच्या घाटातलं हवामान मात्र निघण्याआधी बघा. मी ते इतक्यांदा बघितलं की मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, फोनच काढून घेतला. नेवाडात टाकी अर्धी झाली की भरून घ्या, कारण पुढच्या पंपाचा भरवसा नाही. शाकाहारी जेवणाचे तर हालच, म्हणून दशम्या आणि लसणीची चटणी बरोबर होती. शिवाय आलं आणि गवती चहा घालून उकळलेला थर्मासभर चहा. घरात चहाबाज आम्ही दोघी मायलेकीच. मिलिंद कॉफीवाला.

रीनो शहरात थांबलो, तेव्हा मी सईपुढे कप केला.

"नको आई. आत्ता नको."

विनमक्कालाही नको. पित्त झालं असेल म्हणून मी जिरागोळी काढली, तीही नको. कुठला आजार लपवतेय ही? रात्री मुक्कामाचं एल्को गावातलं मोटेल स्वच्छ आणि स्वस्त होतं, पण मला काही झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मिठाचं पांढरंफेक मैदान ओलांडून शहरात पोचलो. सई म्हणाली, आधी टेम्पल स्क्वेअर बघू. बघायला पैसे पडत नाहीत, पार्किंगला पडतात. तिथे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या मुख्य मंदिराची दुरुस्ती चालू होती. एरवीही आत फक्त त्यांच्यातल्याच लोकांना जाता येतं. नावाची पट्टी लावलेल्या दोन मिशनरी मुली आम्हाला फिरवत पंथाची गोष्ट सांगत होत्या. न्यूयॉर्क राज्यातला एक शेतकऱ्याचा पोरगा, कुठला पंथ खरा या प्रश्नाने हैराण होऊन रानात प्रार्थनेला गेला आणि त्याला देवाचं दर्शन झालं. पुढे सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला ग्रंथ मिळाला, असं ते मानतात. अनुयायी वाढले, तसा शेजाऱ्यांचा रागही वाढला. जमावाने त्यांना एका राज्यातून दुसऱ्यात हुसकावलं आणि शेवटी त्या संस्थापकाला तुरुंगातच मारलं. उरलेले बरेचसे बैलगाड्या घेऊन, पुढे काही जण तर हातगाड्या ओढत, या ओसाड खोऱ्यात आले. बहुपत्नीत्वाबद्दल मी खवचटपणे विचारलंच. ते आमच्या चर्चने फार पूर्वी सोडलं, पोरी न चिडता म्हणाल्या. त्या सुरुवातीच्या काळात इंग्लंड-डेन्मार्कहून बोटी भरभरून नवी माणसं येत गेली.

"आणि त्यांच्या आया? मागे राहिलेल्या?" मी विचारलं.

"पुष्कळांची पुन्हा कधी भेटच झाली नाही," त्यातली एक हळूच म्हणाली.

वारा बोचरा होता, पोरी गारठल्या होत्या. मी सवयीने, सकाळी मोटेलात चहा पुन्हा गरम करून भरलेला थर्मास उघडून त्यांना कप दिला. दोघी हसल्या.

"थँक यू, मॅम. पण चहा-कॉफी आमच्या धर्मात चालत नाही."

मी सईकडे पाहिलं. ती बुटांकडे बघत होती.

"कधीपासून?" गाडीशी आल्यावर मी विचारलं.

"चर्चला सहा महिने जातेय, आई. बाप्तिस्मा नाही घेतला अजून. आधी तुम्हाला सांगायचं होतं, पण आय वॉज सो स्केअर्ड."

"कोणी मुलगा आहे का?" मिलिंद म्हणाला.

"नो, बाबा. असता तर तुम्हाला समजायला सोपं गेलं असतं ना?"

मी तिथेच रडले. मला तिच्या देवाची भीती नाही वाटली, त्या दाराची वाटली. उद्या हिचं लग्न त्या मंदिरात लागलं, तर आम्ही दोघं बाहेर बाकावर बसणार.

"गणपतीला येशील ना?" एवढंच विचारलं.

"येणार, आई. ऑफ कोर्स."

सईला सोडून आम्ही दोघं परत निघालो. शहर बघण्यासारखं आहे, जरूर जा. मी पुन्हा गेले तर काय बघायला जाईन, ते मला ठाऊक नाही.

घरी आल्यावर तिला फोन केला. "गवती चहा चालतो का गं?"

"आय थिंक सो. चहापत्ती नको फक्त."

कुंडीतली पाती कापून, वाळवून तिला पाठवायला पाकीट भरलं. चिकटवलं आणि पुन्हा फाडून उघडलं. ओट्यावरची चहापत्ती चुकून आत गेली तर नाही ना, म्हणून सगळी पाती ताटात ओतून एकेक बघत बसले.