पोचेवरची तारीख

आमच्या गावचा रोजगार सेवक मी, रवी. काम पायजे त अर्ज माह्यापाशी, कामावरची हजेरी माह्यापाशी, अन् काम नसलं का शिव्याबी माह्यापाशीच. त्यायची सवय झाली बापा. पन नाल्यापलीकडच्या तांड्यावरची सुखीबाई शिव्या देत नोयती. ती नुसती पाहे. डोळे बारीक करून, मान वाकडी करून असं पाहे का मी खरं बोलून राह्यलो असलो तरी मलेच चोरावानी वाटे.

बंजाऱ्याची बाई, पन्नाशी वलांडलेली. राशनवाल्याच्या काट्याखाली हात घालून पाहे, काही चिकटवलं त नाई. नर्सबाई सुई भरे त ही आधी शिशी हातात घेऊन उजेडात धरे. मी एकडाव लाडीगोडीनं तिले 'याडी' म्हनलो, म्हनजे त्यायच्या बोलीत माय, त भडकलीच.

"याडी म्हनू नोको मले. याडी म्हननारा एक त मुकादम असते, नाईतं मत मांगनारा. तू कोन होय त्यातला?"

तवापासून म्या याडी म्हननं सोडलं.

गोष्ट दसऱ्यानंतरची हाय. तिचा नवरा भावसिंग टीबीनं बेजार. सहा महिन्याच्या गोळ्या, चार महिने झाले, दोन राह्यले. मांगच्या साली असाच कोर्स अर्धा टाकून सारे ऊसतोडीले गेले, तिकडं गोळ्या सुटल्या अन् बिमारी दुप्पट होऊन घरी आली. औंदा डॉक्टरीनबाईनं सांगून टाकलं, आता खंड पडला त माह्या हाती काही नाई. पन ऊसतोडीत कोयता म्हनजे दोघायची जोडी लागते. पोरगा बादल बिनलग्नाचा, त्याच्या जोडीले मायच. अन् माय गेली का भावसिंगले घरी कोन पाह्यनार? तोबी मांगं मांगं. मुकादमाची गाडी येनार होती भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. त्याच्या आधी गावात काम निंघालं, नाईतं बेकारी भत्ता लागू झाला, त सुखीबाई मुकादमाले नाई म्हनू शके. तिले एवढंच पायजे होतं.

भत्त्याचं तिले कोनं सांगतलं देव जाने. नियम हाय तसा. काम मांगाचा अर्ज द्याचा अन् तारखेची पोच घ्याची. त्या तारखेपासून पंधरा दिवसात काम नाई भेटलं त भत्ता सुरू. पन काम निंघाल्याचा कागद लागला अन् मानूस हजर नाई झालं, त भत्ता गेला.

चौदा तारखेले तिनं अर्जावर अंगठा देल्ला. म्या पोच देल्ली. सही केली, शिक्का मारला, तारखेची जागा कोरी ठेवली. भुललो नोयतो. तालुक्याच्या बाबूनं फोनवर सांगतलं होतं, लिहून काही देत नाई ते लोकं. "रवी, पोच दे पन तारीख टाकू नोको. काम मंजूर नाई हाय अन् भत्ता मांगाले सारा तांडा येईन. मंग तुले सेवक ठेवाचा का नाई, तेबी पाहा लागन."

दुसऱ्या दिवसापासून सुखीबाई रोज ग्रामपंचायतीत हजर! वाचता येत नाई, तरी फलकावरचा एकएक कागद बोटानं चाचपे, डिंक वला हाय का ते पाहे.

"काय पाह्यतं वो?" म्या इचारलं.

"मी तांड्यावर असन, अन् तू इथं गपचूप कागद लावून मोकळा. मंग म्हनशीन, बोलावलं होतं पन बाई आली नाई."

"मी काहून असं करीन?"

"तेच त मलेबी समजून नाई राह्यलं, तू काहून करशीन."

असा राग आला! पन रागावून करता काय, अर्धं त खरंच बोलून राह्यली होती.

तेवीस तारखेले ती आली अन् माह्या टेबलावर तीन चिठ्ठ्या वळीनं मांडल्या. चौथी माही पोच.

"हे पाय. दिग्रसले लेकीकडं गेलती, बसच्या चिठ्ठीवर आकडे. दवाखान्याच्या चिठ्ठीवर आकडे. राशनच्या चिठ्ठीवर आकडे. सरकारच्या साऱ्या चिठ्ठ्यायवर आकडे हायत, तुह्याच चिठ्ठीवर नाई. काहून?" अन् बोट ठेवलं बरोब्बर त्या कोऱ्या जागेवर.

अक्षर येत नाई बाईले, आकडा कोनता तेबी समजत नाई, पन आकड्याची जागा कोरी हाय एवढं वळखते, हे माह्या ध्यानातच नोयतं. तारीख नाई टाकली त ही बाई उद्या तालुक्याले जाऊन बोंबलनार. चौदा टाकली त बाबू मले घरी बसवनार. म्या पेन घेतला अन् त्या दिवसाची तारीख टाकली. तेवीस. नऊ दिवसानं काय आभाळ कोसळते, असं म्या मनाले समजावलं. लय हुशार समजलो सोताले.

तिनं आकडा पाह्यला. "हा मी अर्ज देल्ला त्याच दिवसाचा ना?"

"हो."

तिनं परत एकडाव माह्याकडं पाह्यलं, अन् मंग हासली. चार वर्षात पयल्यांदा हासली माह्यासमोर. "तुले उगाच चोर समजली रे बाबा."

दुसऱ्या दिवशी सुखीबाई आली नाई. तिसऱ्या दिवशीबी नाई. कटकट गेली म्हनून खुश व्हा लागत होतं मले, पन मी आपला घडीघडी दरवाज्याकडं पाह्यतो. चौथ्या दिवशी बादलच्या हाती तिनं टोपलंभर सीताफळं पाठवली. माही बायको बेबी म्हने, "काहून पाठवली वो?" म्या म्हनलो, असंच. मले एकबी खाल्लं गेलं नाई.

तीस तारखेले सकाळीच ती घरी आली. "पंधरा दिस झाले. चाल माह्यासंगं तालुक्याले. तू बाजूले असला का ते बाबू मले फसवनार नाई."

काय कारन सांगू? गेलो.

बाबूनं पोच उलटीपालटी केली. "तेवीसची पोच हाय बाई. अजून आठ दिवस बाकी. त्याच्यानंतर या."

सुखीबाईनं कमरेच्या थैलीतून भावसिंगच्या गोळ्यायचं पान काहाडलं. "अर्ज देल्ला त्या दिवशी हे नवं पान फोडलं होतं. रोजची एक. मोजा, सोळा खाली झाल्या."

"गोळ्या मोजून भत्ता नाई देत सरकार."

तिनं टेबलावर असा हात आपटला का बाजूच्या टेबलावरचे लोकं उठून उभे राह्यले. "मंग तुमी चुकीचं वाचून राह्यले! अडानी पाहून कायबी वाचता तुमी लोकं. हे माह्या रवीनं लिहेल हाय. तो खोटं लिहनारा मानूस नोय." अन् मले दंडाले धरून पुढं केलं. "सांग ना रे यायले. सांग!"

बाबूनं माह्याकडं पाह्यलं. त्याले सारं समजलं होतं. गालातल्या गालात हासला मेला. मले एवढंच म्हना लागत होतं का साहेब, चौदा तारीख होती, म्या चुकीची टाकली. दोन वाक्यं होती. लाज वाटते सांगाले, पन मी भेलो, अन् म्हनलो, "चाल सुखीबाई, बस निंघून जाईन."

ती उठली. पोच घडी करून थैलीत ठेवली. आठ दिवसानं भत्ता कोनाले घेनं होता, गाडी त पाच दिवसानं येनार होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तांड्यावर ट्रक लागला. मी गेलतो. काहून गेलतो मलेच मालूम नाई. भावसिंग बोचक्यायच्या मधात चादर पांघरून बसला होता, खोकलून राह्यला होता. जितक्या गोळ्या घरात होत्या तितक्या सुखीबाईनं सोबत घेतल्या होत्या, पुढच्या कुठं भेटतीन ते कोनालेच ठावं नोयतं. मी ट्रकापाशी जाऊन उभा राह्यलो. सांगाचं म्हनूनच गेलतो बहुतेक. पन ती वरून वाकली अन् हळूच, कोनाले आयकू जाऊ नोये असं बोलली.

"त्या बाबूपासून जपून राय रवी. तो मानूस बरा नोय. एक दिवस तुलेबी फसवीन."

म्या हो म्हनलो.