खारूताईची हाक

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, खोटे दात बनवतात. दवाखान्यामागच्या खोलीत दिव्याखाली बसून ते दात कानशीनं घासत राहतात, गुळगुळीत होईपर्यंत. निम्मं गाव तुमच्याच दातांनी हसतं, असं मी त्यांना चिडवते. कामात माणूस चोख, दात टोचतोय म्हणून सहसा कोणी परत येत नाही. आणि सुट्टी मिळाली की स्वारी कडे चढायला मोकळी.

हिवाळ्यात इथे धुकं बसलं की त्यांची टोळी दक्षिणेकडच्या डोंगरांत जाते. तिथे ऐन थंडीतही लख्ख ऊन असतं, खडक हाताला कोमट लागतो म्हणे. कुठल्या कड्यावर सकाळी ऊन, कुठल्यावर दुपारी, हे भाऊजी फोटोंतल्या सावल्या बघून आधीच ठरवतात. तेवढे दिवस माझं स्वयंपाकघरातलं टेबल त्यांच्या मालकीचं होतं.

यंदा मात्र त्यांचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. नकाशा पसरायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचं. मी म्हटलं, "भाऊजी, तुमचाच दात दुखायला लागला की काय?" हसलेसुद्धा नाहीत.

रविवारी दोघं आले. एक गणिताचे मास्तर, टोळीत सगळ्यात ज्येष्ठ. दुसरी खारूताई. ती शाळेची बस चालवते, आणि भिंतीवर सरसर चढते म्हणून हे नाव पडलं. उन्हाळ्यात सरावाच्या भिंतीवरून ती पडली आणि टाच मोडून घेतली. आता चालते, पण जिना उतरताना अजून कठडा धरते. त्या दिवशी खाली तिचा दोर भाऊजींच्या हातात होता.

यांची एक रीत आहे. वर पोचलेल्यानं दोराला लटकून खाली यायला हात सोडण्याआधी "घट्ट" अशी हाक द्यायची. खालच्यानं दोर ताणून घ्यायचा आणि "धरलंय" म्हणायचं. मगच वरच्यानं हात सोडायचे. खारूताईनं हाक न देताच हात सोडले, असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा तिला म्हटलं होतं, "एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो, नेमकी तिथेच वाचा बसली का ग?" ती काही बोलली नव्हती.

मी चहा ओतत होते. मास्तर भाऊजींना म्हणाले, "यंदाच्या मोठ्या कड्यावर खारूताई नको. हाक द्यायला विसरणारा माणूस तिथे चालत नाही. तिच्यासाठी खालचे छोटे खडक बघ."

त्या कड्यासाठी ती कित्येक वर्षं झुरत होती. तिनं कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. भाऊजी नकाशावर पेन्सिल टेकवून बसले होते. पेन्सिल काही हलेना.

"तिनं हाक दिली होती," ते म्हणाले.

मास्तरांनी चष्मा काढला.

"मी 'धरलंय' म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं. धरलं नव्हतं. दुसऱ्या हातात मोबाईल होता. फोटोत हाच कडा बघत होतो, दुपारचं ऊन कुठवर येतं ते."

ते कानापर्यंत लाल झाले होते. आणि मला माझंच बोलणं आठवून कुठे तोंड लपवू असं झालं. मास्तर म्हणाले, "आणि आम्ही इतके दिवस हिलाच दोष देत होतो."

"तू का नाही बोललीस ग?" मी विचारलं.

"हा सांगेल म्हणून थांबले," खारूताई म्हणाली. "मग सांगेना. मग मलाच लाज वाटायला लागली याची. असल्या माणसाच्या भरवशावर हात सोडले मी, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

भाऊजींनी नकाशाची घडी घातली. "सगळं ठरवून दिलंय. तुम्ही जा. मी येत नाही."

"यायचं," ती म्हणाली. "दोर मास्तर धरतील. तुझ्या हातात मी देणार नाही, इतक्यात तरी नाही. तू खाली उभा राहा आणि मी वर पोचेपर्यंत माझ्याकडे बघत राहा. दुसरीकडे कुठे बघायचं नाही."

"बरं," भाऊजी म्हणाले. पण तेवढं म्हणतानाही त्यांना तिच्याकडे बघता आलं नाही.