सुखीची वेलांटी

तीस वर्षं मी कोरेगावात पोरांच्या पाट्या तपासल्या. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की माझा हात आपोआप उठतो. नोकरीत असताना तो पोरांच्या पाठीवर उठायचा, पेन्शनीत गेल्यावर नुसता कागदावर उठतो. बायकोला माहेरून आलेल्या पत्रातल्या चुकासुद्धा मी तांबड्या शाईनं सुधारून मग ते पत्र तिच्या हातात द्यायचो. ती गेली, आणि पुढच्याच वर्षी मी मृत्युपत्र केलं. त्यात मी जे केलं ते कुणाला तोंडानं सांगायचा धीर झाला नाही, म्हणून इथं लिहितो आहे.

लढाईचे दिवस होते. थोरला मुलगा फौजेतून रजेवर आला होता, धाकटा घरचा ऊस बघायचा. राहतं घर आणि विहिरीजवळचा मळा मी पगारातून घेतलेला, तेव्हा कुणाला काय द्यायचं ते माझ्या मर्जीवर होतं. थोरला म्हणाला, "तात्या, मी परत येईन न येईन. कागद करून टाका. मागं भांडणं नकोत."

"आणि अक्काचं?" मी विचारलं.

अक्का म्हणजे माझी एकुलती एक मुलगी, दोन्ही पोरांहून मोठी. सांगलीला दिलेली. दहा वर्षं झाली तरी मूलबाळ नव्हतं आणि जावई दुसरं लग्न करणार अशी कुणकुण आमच्यापर्यंत आलेली होती. आजारपणात बायकोनं दोनदा मला सांगितलं होतं, "पोरीच्या नावावर परसातली खोली तेवढी असू द्या." मी दोन्ही वेळा हो म्हटलं होतं.

थोरला म्हणाला, "लग्न झालेल्या लेकीला माहेरी खोली लिहून ठेवायची, म्हणजे तिचा संसार मोडावा असं आपणच म्हटल्यासारखं. अभद्र दिसतं ते."

हे कारण मी दोन्ही हातांनी उचललं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. खोली लिहिली की सासरचे तिला खुशाल पाठवून देतील, ती आली की सुनांची तोंडं वाकडी होतील, आणि मला तर म्हातारपणी सुनांच्याच हातचं खायचं होतं. इतका साधा, पोटाचा हिशेब होता तो.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी पायरी चढलो नाही. साताऱ्यात कोर्टाबाहेर कडुलिंबाखाली एक अर्ज लिहिणारा बसायचा, त्याच्यापुढं जाऊन बसलो. तो मोडीत सुरुवात करायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. म्हटलं, "बाळबोध लिहा. पुढं पोरांना वाचता आलं पाहिजे." अक्काला मोडी येत नव्हती, बाळबोध येत होती आणि ती मीच शिकवली होती, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

तो भराभर लिहीत गेला. अक्कलहुशारीने, राजीखुशीने, कोणाचे भिडेस न पडता. मुलगे दोन, त्यांची वाटणी. मग मला काही न विचारता त्यानं लिहिलं, 'कन्या एक, ती दिल्या घरी सुखि आहे, सबब तिचे नावे काही ठेवलेले नाही.'

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं.

"मास्तर, सगळ्यांच्या कागदात असतंय ते. लेक असली की घालायचंच."

माझा हात उठला. त्याच्याकडून टाक घेतला, 'सुखि'ची पहिली वेलांटी खोडली आणि दुसरी दिली.

"खाडाखोड केलीसा, आता शेजारी सही करा," तो म्हणाला.

मी सही केली. त्याच टाकानं ते सबंध वाक्य खोडता आलं असतं, आणि सही तेवढीच लागली असती. हात त्या शब्दावर थांबला होता, हे मी नाकारत नाही.

घरी आल्यावर कागद पोथीच्या बासनात गुंडाळून ठेवला. बायकोमागं पोथी कुणी उघडत नव्हतं.

थोरला लढाईवर परत गेला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका मंगळवारी, न कळवता अक्का गाडीतून उतरून घरी आली. "चार दिवस आलेय," म्हणाली. चेहरा उतरलेला दिसत होता, तरी मी काही विचारलं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून तिनं पोथी काढली. आजारी आईला ती पोथी वाचून दाखवायची, हे मी साफ विसरलो होतो. मी आत आलो तर तो कागद तिच्या मांडीवर उघडा होता.

"अगं, ती नुसती लिहायची पद्धत असते," मी म्हटलं.

"हो. असेल." तिनं कागदाची होती तशी घडी घातली आणि पोथीचा अध्याय सबंध वाचला. आवाज कुठं अडखळला नाही. दुपारी म्हणाली, "तात्या, मी संध्याकाळच्या गाडीनं निघते. तिकडं पापड करायचेत."

सुंठीवाचून खोकला गेला, असं माझ्या मनात आलं. पोटच्या पोरीबद्दल आलं. याची मला आजही लाज वाटते.

स्टेशनवर हमालानं तिची ट्रंक डोक्यावर घेतली आणि हसून म्हणाला, "मास्तर, लेकीला बिऱ्हाडच बांधून दिलंय व्हय? लय जड हाय!" मी तिला गुळाची एक ढेपही दिलेली नव्हती. ट्रंक येतानाच तेवढी जड होती. अक्का डब्यात चढून पलीकडच्या खिडकीशी बसली. मला अजूनही तिला खाली उतरवता आलं असतं. "पोचल्यावर पत्र टाक," एवढंच मी म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात साताऱ्याला गेलो, जुना कागद फाडला आणि नवा केला. परसातली खोली आणि मळ्याचा तिसरा हिस्सा अक्काच्या नावावर. तेवढा मजकूर माझ्या हातानं उतरवून सांगलीला पाठवला. धाकटा महिनाभर माझ्याशी बोलला नाही, थोरल्यानं एक तिखट पत्र पाठवलं, आणि संपलं. ताटातली भाकरी होती तशीच येत राहिली. इतक्याला मी भ्यालो होतो.

वैशाखात जावयानं दुसरं लग्न केलं. आषाढात अक्काचं कार्ड आलं. माझ्या दम्याची चौकशी होती. नवी आलेली मुलगी अगदी पोर आहे, तिला स्वयंपाक शिकवतेय, असं लिहिलं होतं. खाली, जागा संपत आली तिथं, बारीक अक्षरात होतं, 'खोलीचं वाचलं. तात्या, मला ती त्या मंगळवारी हवी होती.'