देव्हाऱ्यातला आंबट घड

मुलाने पुण्याच्या घरी पांढऱ्या वाईनची बाटली उघडली, कच्च्या द्राक्षांचा तो हिरवा, दात आंबवणारा वास आला आणि मला दोंडाईच्याजवळची आमची बाग आठवली. नव्वदीच्या दशकात नाशिककडच्या एका वाईन कारखान्याच्या सांगण्यावरून सासऱ्यांनी ती लावली होती. पहिला घड त्यांनी रिवाजाप्रमाणे देव्हाऱ्यात ठेवला, आणि प्रसाद तोंडात घालताच आम्हा सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. तोडणी दुसऱ्याच दिवशी ठरलेली होती, पण सगळा माल गोड झाल्याशिवाय तोडायचा नाही, म्हणून सासरे अडून बसले. "देवले आंबट दिधं, आते लोकेसले बी आंबटच देऊत का? बठ्ठा माल गोड व्हऊ द्या." आमच्याकडचं ऊन माघातच चटके देतं; आठवड्यात घड मधासारखे झाले. कारखान्याचा माणूस आला, एक मणी चावून थुंकला आणि म्हणाला, "नाना, संपलं. वाईनला तो आंबटपणाच लागतो, म्हणून तर लवकर तोडा म्हटलं होतं." ती बारीक, बियांची द्राक्षं बाजारातही कोणी घेईना. सासऱ्यांनी कुऱ्हाड घेतली आणि घडांनी लगडलेले वेल बुडापासून तोडले. जवळ जायची कोणाची हिंमत झाली नाही. पुढे कितीतरी दिवस शेतात गांधीलमाश्या घोंघावत होत्या आणि सडक्या गोडाचा वास घरापर्यंत येत होता. शेवटच्या आजारातही द्राक्ष पुढे केलं की सासरे भिंतीकडे तोंड फिरवायचे. "आई, घेऊन तर बघ, महागातली आहे," मुलगा म्हणाला. मी घोट घेतला. चव देव्हाऱ्यातल्या त्या घडाचीच होती.