चार सेकंदांचा अंधार

डॅन्यूबकाठच्या त्या शहराच्या नाट्यगृहात नेद्याल्काने सव्वीस वर्षं दिव्यांचं काम केलं. आधी दिवे मंद-प्रखर करणाऱ्या दांड्यांच्या जुन्या डिमरवर, नंतर संगणकाच्या बोर्डावर. नाटक बघून घरी जाणाऱ्यांना तिचं नाव ठाऊक नसे. आमटीत मीठ बरोबर पडलं की कुणी बोलतं का? तसंच ते.

तिचा कामातला जोडीदार मिन्चो; वयाने मोठ्या पुरुषाला तिथे 'बाय' म्हणतात, म्हणून बाय मिन्चो. एकसष्टीचा, टकला, गुडघे कुरकुरणारा, पण शिडीवर मांजरासारखा. ती प्रेक्षागृहात मागे बोर्डापाशी, तो रंगमंचावर सात मीटर उंचीवर, त्यामुळे दोघांचं अर्धं आयुष्य एकमेकांवर ओरडण्यात गेलं.

"जरा डावीकडे, बाय मिन्चो! तुमच्या डावीकडे नाही, माझ्या!"

"माझी बायको पण हेच म्हणते. माझी डावी बाजू कुणालाच नको."

नव्या नाटकाच्या कामाला लागताना त्या नाट्यगृहात एक रीत पाळत. चढणाऱ्याला खालच्या माणसाने राकियाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, छोटा पेला भरून द्यायचा. दोन थेंब रंगमंचाच्या फळीवर सांडायचे, उरलेला चढणाऱ्याने प्यायचा. दारूसाठी नाही, शकुनासाठी. त्या मंगळवारीही नेद्याल्काने पेला भरला. मिन्चो मिशा पुसत म्हणाला, "घरी गाळलेली आहे ना? नाहीतर मी चढणारच नाही."

पहिल्या प्रयोगाला तीन दिवस उरले होते. खरं तर आधी दिव्यांची तोंडं फिरवून घ्यायची आणि मिन्चो खाली उतरला की मग एकेक क्यू, म्हणजे कुठल्या क्षणी कोणते दिवे, बोर्डात लिहायचा, हा नेम. पण सुतारांनी एक दिवस खाल्ला होता, म्हणून दोन्ही कामं एकदम चालली होती. त्यात सोफियाहून आलेला दिग्दर्शक पाचव्या रांगेत पाय हलवत बसलेला.

"तो वरचा पिवळा दिवा बंद करा. मला रंग दिसत नाहीत."

"तो कामाचा दिवा आहे, साहेब. माणूस शिडीवर असताना आम्ही तो बंद करत नाही."

"नाटकाचे दिवे चालूच आहेत की! का शिडीवर बसून पेपर वाचतोय तो?"

मिन्चोच वरून ओरडला, "घालव गं नेद्याल्के, नाहीतर हे जेवायलाही सोडायचे नाहीत." तिने कामाचा दिवा बंद करायला लावला.

बोर्डाच्या दोन रीती असतात. एकीत जे दाबाल ते तत्क्षणी रंगमंचावर होतं. दुसरीत ते नुसतं लिहिलं जातं, रंगमंचाला कळतही नाही. तेव्हा बोर्डाच्या पडद्याची कड निळी दिसते. एकतिसाव्या क्यूला नायिका मेणबत्ती फुंकते आणि सगळं काळोखात जातं. नेद्याल्काने नेहमीप्रमाणे दिवे विझायला तीन सेकंद ठेवले होते. डोळ्यांना अंधाराची चाहूल द्यावी, असं तिचं मत.

"शून्य करा," दिग्दर्शक म्हणाला. "फुंकर आणि काळोख. मधे काही नको."

ती निळ्यात गेली. तेवढ्यात त्याला मागची लाल भिंत पुन्हा बघायची लहर आली. ती निळ्यातून बाहेर आली, भिंत दाखवली. "ठीक. आता माझं शून्य," तो म्हणाला. तिची बोटं सवयीने चालत राहिली. सगळे दिवे बंद, वेळ शून्य, नोंद.

पडद्याची कड निळी नव्हती.

"नेद्याल्के, हे काय—" मिन्चोचा आवाज आला. मग फळ्यांवर काहीतरी आदळलं. तिला मागे घेण्याची कळ सापडली. उजेड परत आला तेव्हा शिडी जागच्या जागी उभी होती आणि वर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृहाच्या दारावर, नाटकाच्या जाहिरातीशेजारी, मिन्चोचा फोटो छापलेला मृत्यूचा कागद लागला. आठवड्याने व्यवस्थापक रादनेव यांनी तिला खोलीत बोलावलं. समोर कॉफी ठेवली.

"नेद्याल्काबाई, तो प्यायला होता का?"

"एक छोटा पेला. मीच दिला. रीत आहे ती."

"म्हणजे प्यायला होता." त्यांनी लिहून घेतलं.

"दिवे मी घालवले. चुकून. बोर्डात नोंद असते, वेळेसकट."

"बोर्डाला कुणी विचारलंय?" रादनेव आवाज न चढवता म्हणाले. "तपासणीवाले दारूवर थांबतील. तुम्ही बोललात, तर तुम्ही जाल, मी जाईन, नाट्यगृहाला कुलूप लागेल. तो काही परत येणार आहे का?"

तयार जबाबावर सहीच्या जागी त्यांनी पेन्सिलने बारीक फुली मारून ठेवली होती. नेद्याल्काने फुलीवर सही केली. कॉफी मात्र तिला पिववली नाही.

नाटकाला लोकांची झुंबड उडाली. एकतिसाव्या क्यूला दर प्रयोगात ती बटण दाबायची आणि मनात चार मोजायची. त्या दिवशीची बोर्डातली नोंद तिने काढून पाहिली होती: अंधार चारच सेकंदांचा होता. ती नोंद तिने पेनड्राइव्हवर घेतली आणि पिठाच्या डब्यामागे ठेवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी गेलेल्याच्या नावाने गहू वाटतात; ते घेऊन मिन्चोची बायको त्सोंका नाट्यगृहात आली. उकडलेले गहू, वर साखर, कागदी पेल्यांत भरून. घेणाऱ्याने "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं आणि खायचं. सुतारांनी म्हटलं, तिकिटवालीने म्हटलं. नेद्याल्काने पेला घेतला आणि न खाता तसाच हातात धरून ठेवला.

"नेदे," त्सोंका म्हणाली, "बेकरीत मला ऐकवतात, पिऊन पडला म्हणे. सदतीस वर्षं मी त्याच्या शेजारी निजले, मला ठाऊक नसेल? तू तिथे होतीस. सांग, डुलत होता का तो?"

"नाही."

"मग?"

"अंधार मी केला, त्सोंके. हात चुकला. तो शुद्धीत होता. शेवटी त्याने माझंच नाव घेतलं."

त्सोंका पुढे झाली आणि नेद्याल्काच्या हातातला गव्हाचा पेला हळूच काढून घेतला, पाहुण्याच्या पुढ्यातलं ताट उचलावं तसा.

"हे सहीनिशी लिहून दे."

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या कचेरीत नेद्याल्काने लिहून दिलं. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. जुन्या जबाबाखालची सही आपलीच, हेही लिहिलं. तिथल्या बाईने चष्म्यावरून बघत विचारलं, "याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?" तिने होकारार्थी मान हलवली.

नोकरी त्याच महिन्यात गेली. निवृत्तीला तीन वर्षं होती. रादनेव मात्र खुर्चीत राहिले. नाट्यगृहालाही कुलूप लागलं नाही. खटला अजून चालू आहे. दिग्दर्शकाने पत्राने कळवलं, आपल्याला त्या दुपारचं काही आठवत नाही. शिडीवर माणूस असताना कामाचा दिवा बंद करू नये, असा कागद आता बोर्डाशेजारी चिकटवलाय म्हणे. बोर्डाशी बसलेल्या नव्या मुलीने तो स्वतःच्या अक्षरात लिहिला, असं तिकिटवालीने नेद्याल्काला बाजारात सांगितलं. त्सोंका वाटेत दिसली तर पलीकडच्या फुटपाथवर जाते.

मिन्चोला जाऊन सहा महिने झाले तेव्हा त्सोंकाने तिथल्या रीतीप्रमाणे त्याच्या स्मरणाचा नवा कागद छापून घेतला; तो नाट्यगृहाच्या दारावर लावला, बेकरीशेजारच्या खांबावर लावला, आणि एक नेद्याल्काच्या इमारतीच्या दारावरही. त्या घराशी मिन्चोचं काही नातं नव्हतं. त्यावर छापलंय: कामावर असताना गेला. शुद्धीत होता.

शेजारची म्हातारी म्हणाली, "काढून टाक ना, रोज बघून जीव जाईल तुझा."

मार्चमध्ये नदीवरच्या दमट वाऱ्याने कागदाचा एक कोपरा सुटला. नेद्याल्का वर घरी गेली, वाटीभर पिठाची खळ शिजवून आणली, आणि अंगठ्याने दाबून कोपरा नीट चिकटवला.