बाटली न फोडता फोडलेला बर्फ

आटपाट पुणं होतं. तिथं वारज्याला एक कांता राहायची, ती मी. तिचे हे भीमराव, कारखान्यातून रिटायर झालेले. लेक सुजाता, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. कांता हृदयाच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची मावशी. वीस वर्षांत किस्से एवढे साठले, की एक काढावा तर मागून चार डोकावतात. आजचे सगळे आठवले ते ह्यांच्यामुळे. त्र्याहत्तराव्या वर्षी ह्यांना तीन ब्लॉकेज निघाले. ऑपरेशनला हृदय थांबवलं, तर ते पुन्हा सुरू होईल ना, एवढीच काळजी होती.

*

थांबवायचंच कशाला, असं सुजातानंही विचारलं होतं. चालत्या हृदयावर बारीक शिवण नीट बसत नाही. म्हणून रक्त मशीनकडे वळवतात आणि हृदयाला औषध देऊन झोपवतात. तेवढा वेळ त्याला रक्त नाही. मग ते गार ठेवायचं. गार हृदयाला भूक कमी लागते, उपासानं खराब होत नाही.

त्यासाठी सलाइनच्या बाटल्या गोठवायच्या, कापडात गुंडाळायच्या आणि लाकडी हातोडीनं ठोकायच्या. हृदयाभोवती घालायचा म्हणून आतला बर्फ साखरेसारखा झाला पाहिजे, बाटली मात्र फुटता कामा नये. चीर गेली की जंतू शिरतात, बाटली बाद. हे काम माझं.

*

एकदा एका नव्या डॉक्टरांना घाई झाली. म्हणाले, द्या मावशी, मीच ठोकतो. चार दणके घातले आणि बाटली माझ्या हातात दिली. मी कानाशी धरून हलवली. आत खडे वाजत होते. टोकदार खडा हृदयाला टोचतो. मी बाटली बाजूला ठेवली.

"का हो, काय झालं?"

"उसाच्या रसाला चालेल, डॉक्टर."

त्यानंतर ते माझ्या हातोडीच्या वाटेला गेले नाहीत.

*

मग परदेशी मशीन आलं. बटण दाबलं की बर्फाचा भुगा! कंपनीच्या टायवाल्यानं तासभर समजावलं आणि मला म्हणाला, मावशी, आता तुम्ही आराम करा. मी स्टूल ओढून आराम करत बसले. दुपार झाली तरी मशीन नुसतं पाणीच गार करत होतं.

आमचे सर्जन, मोठे सर, कधी आवाज चढवत नाहीत. टायवाल्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"मावशी, तुमचा आराम झाला असेल तर..."

*

पूर्वी सत्तरीपुढचा पेशंट आला की बरेच सर्जन नको म्हणून हात जोडायचे. सर घ्यायचे. शिकाऊ डॉक्टरांना सांगायचे, तरुण हृदय आपली चूक पोटात घालतं, म्हातारं धरून बसतं. त्याला गार औषध वेळच्या वेळी, पुन्हा पुन्हा द्यायचं. शिवण झाली की रक्त सोडायचं तेही बेतानं. एक आजोबा असेच बरे होऊन निघाले, तर सगळ्यांसाठी पेढे घेऊन आले आणि पहिला पेढा त्यांनी मला दिला. सर म्हणाले, बरोबर आहे, गारवा त्यांचाच होता.

*

ह्यांची पाळी आली. सर म्हणाले, मावशी, आज तुम्ही बाहेर नातेवाइकांत बसा, हात थरथरेल.

"थरथरला तर बाटली फुटेल, सर. फुटली तर बाहेर जाते."

एरवी चार लागतात. मी सहा ठोकल्या. एकीलाही चीर नाही. मगच बाहेर येऊन सुजाताशेजारी बसले. सरांनी सांगितलेली वेळ टळून गेली. सुजाता घड्याळाकडे बघायची, मी दाराकडे.

दार उघडलं. सर मास्क खाली ओढत आले.

"मावशी, या वयात बऱ्याचदा शॉक देऊन सुरू करावं लागतं. आम्ही नुसतं रक्त सोडलं, आणि भीमरावांचं हृदय आपलं आपण सुरू झालं."

सुजाता माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मी सरांना म्हटलं,

"चाळीस वर्षांत पहिल्यांदाच न सांगता कामाला लागले."