संपूर्ण रथ, सर्व मानकऱ्यांसह

एका खेळण्याच्या परवान्यासाठी माझ्या धाकट्या भावानं, रंगनाथनं, अख्ख्या गावाला नारळ दिला आणि नेमकं घरच्याच माणसाला विसरला. गावाचं नाव मी सांगणार नाही. सायखेड्याच्या अलीकडं, गोदावरीच्या काठाला आहे, एवढं पुरे. आधीच झाली तेवढी शोभा बास.

आम्ही माळी. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर, जे येईल ते काढायचं आणि पहाटे नाशिकच्या बाजारात न्यायचं. चैत्रात आमच्या गावात देवाचा रथ निघतो. त्याचा एकेक मान एकेका घराकडं ठरलेला. दोर कुणी ओढायचा, उतारावर चाकाखाली मोगरी म्हणजे लाकडी अडसर कुणी सरकवायचा, छत्री कुणी धरायची, मशाल कुणी. आणि पहिला हार आमच्या घरचा. तो चढल्याशिवाय रथ जागचा हलायचा नाही. वडील गेल्यापासून तो हार माझी आई, कलाबाई, स्वतः घालायची. बाईमाणसानं रथाला हार घालायचा म्हणून झुंबर अण्णांच्या भावकीनं तेव्हाच कुरकुर केली होती. झुंबर अण्णा म्हणजे आमचे माजी सरपंच. ते माजी झालेत हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. आईनं मात्र कुणाचं ऐकलं नाही. वर्षभर ती वाफ्यात वाकलेली असते, त्या एका दिवशी सगळा गाव तिच्यासाठी थांबायचा. तिच्याकडं दुसरं होतं तरी काय?

रंगनाथला चिखल नको होता. त्यानं आयटीआय केलं, अंबडच्या एमआयडीसीत गाळा भाड्यानं घेतला, प्लास्टिकचं एक जुनं मशीन आणलं आणि बाटल्यांची बुचं काढायला लागला. शहाण्णव सालची गोष्ट. बुचं बरी चालली होती. पण कुणाच्या तरी घरी त्यानं परदेशी ठोकळे पाहिले, एकात एक बसवायचे, घर करायचं, मोडायचं, परत करायचं, आणि याच्या डोक्यात किडा शिरला.

"ताई, बूच लोक फेकून देतात. ठोकळा कुणी फेकत नाही."

"माझ्या पायाखाली आला की मी फेकीन," मी म्हटलं. देवळाली कॅम्पाच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे, वह्या, पेनं, खेळणी, त्यामुळं त्याचा माल आधी माझ्याच गळ्यात पडायचा. पहिली खेप अशी आली, की ठोकळे एकदा बसले की निघायचेच नाहीत. एका फौजीच्या बायकोनं विचारलं, सोबत पक्कड मिळते का? दुसरी खेप इतकी सैल, की फुंकर मारली तरी घर पडायचं. तिसरी जमली.

मग साहेबांना कल्पना सुचायला लागल्या. कॅम्पासाठी तोफेचा संच काढला. फौजींच्या बायका म्हणाल्या, दिवसभर तोच आवाज ऐकतो, आता घरात आणखी कशाला? मग मनमाड जंक्शनचा संच. प्रत्येक नव्या आकाराला नवा साचा लागतो, त्याला ते लोक डाय म्हणतात, आणि एक डाय करायची तर कितीतरी बुचांची कमाई त्यात जाते. त्यामुळं फलाट झाला, पूल झाला, हमाल झाला आणि गाडीच्या डायपर्यंत पोचेपर्यंत हात आखडला. संच तसाच विकला. तक्रार एकही आली नाही. मनमाडला ताटकळलेल्या माणसाला फलाट आहे आणि गाडी नाही, याचं नवल वाटत नसावं.

शेवटी कुणीतरी सांगितलं, नुसत्या ठोकळ्यांना कोण विचारतं? डब्यावर टीव्हीतला हिरो पाहिजे. आता असा हिरो फुकट छापता येत नाही, त्याच्या मालकाकडून लायसन्स घ्यावं लागतं. रंगनाथ मुंबईला त्या लायसन्सवाल्यांच्या ऑफिसात गेला. जाताना द्राक्षांची पेटी, शाल आणि नारळ. बोलणी करायची तर रिकाम्या हातानं कसं जायचं? नारळ टेबलावर गडगडत राहिला, कुणी हात लावला नाही म्हणे. तिथल्या बाईनं अटी सांगितल्या. हिरोचा निळा रंग आम्ही देऊ तोच हवा, हिरो बसलेला चालणार नाही, हसलेला चालणार नाही, आणि एकही डबा खपला नाही तरी आमची रक्कम आधी. रंगनाथचा चेहरा पाहून तिला दया आली असावी.

"तुमच्या गावाकडं काही नाही का?" ती म्हणाली. "जे तुमचं स्वतःचं आहे, त्याला कुणाचं लायसन्स लागत नाही."

बिचारी मुंबईची. तिला गाव काय माहीत!

"ताई, रथ!" रंगनाथ परत आला तो ओरडतच. "आपला रथ! ठोकळ्यांचा!"

कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण बाई म्हणाली तसा गुमान काढावा की नाही? नाही. मुंबईला जाऊन आल्यापासून लायसन्स हा शब्द याच्या डोक्यात पक्का बसला होता. शिवाय आमच्या गावात रथाला नुसता हात लावायचा तरी विचारावं लागतं. मग हा नारळ आणि शेला घेऊन एकेका मानकऱ्याच्या दारात जायला लागला. शेला द्यायचा, पाया पडायचं, सही घ्यायची. आणि एकदा विचारलं की गाव उत्तर देतंच. दोरवाले म्हणाले, दोर दिसला पाहिजे. मोगरीवाले म्हणाले, मोगरी नसली तर तुझा रथ टेबलावरून खाली येईल. छत्रीवाल्यांना छत्री पाहिजे, मशालवाल्यांना मशाल. टीव्हीतल्या हिरोला एकच मालक होता, आमच्या रथाचे मालक मोजता मोजता पुरेवाट झाली. झुंबर अण्णा तर म्हणाले, "रथापुढं एक फेटेवाला माणूस पाहिजे. नाव टाकू नको. फेटा मात्र माझ्यावानी पाहिजे."

प्रत्येकाच्या हट्टाला एक डाय. मी गाळ्यावर गेले तर हा डोकं धरून बसलेला. सगळ्या डाय काही जमत नव्हत्या, एक आकार गाळायलाच हवा होता. भिंतीवर रथाचं चित्र लावलं होतं. मी नीट पाहिलं.

"रंग्या, आपला हार कुठंय?"

"काढला."

"काढला म्हणजे?"

"अगं, फेटा काढला तर अण्णा बाकीच्यांच्या सह्या फिरवतील. हार आपलाच आहे. घरचंच आहे."

"आईला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं, ताई!"

असा संताप आला मला! मोगरीवाल्यांच्या दारात खेपांवर खेपा घातल्या, आणि आईला काय विचारायचं? मी बडबड बडबड बडबडले. तो नुसता हसला. आईच्या लाडक्या लेकाचं ते हसू मी लहानपणापासून बघत आलेय, त्याच्यापुढं माझं कधी चाललेलं नाही.

दोन हजार दोनच्या दिवाळीत डबे आले. देखणे होते, खोटं कशाला बोलू? वर मोठ्या अक्षरांत छापलेलं, 'संपूर्ण रथ, सर्व मानकऱ्यांसह'. गावात घरोघरी एकेक गेला. ज्यांच्या घरात मूल नव्हतं त्यांनीही घेतला आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवला. आईनंही मांडून ठेवला. तिला बारीक दिसत नाही. "माझ्या रंगनाथचा रथ लय झ्याक झालाय," म्हणून आल्यागेल्याला दाखवत राहिली.

मग चैत्र आला. आई नवं लुगडं नेसून, हाराच्या टोपलीवर ओला फडका टाकून रथापुढं उभी राहिली. मी शेजारीच होते. तेवढ्यात झुंबर अण्णा पुढं आले, सोबत शिकलेला पुतण्या, पुतण्याच्या हातात आमचाच डबा.

"काकू, थांबा. यंदापासून पहिला हार आमच्या घरचा. तुमचा मान व्हता, असं कुठं हाय?"

"कुठं हाय म्हंजे?" आई म्हणाली. "समद्या गावाला ठावं हाय."

"गावानंच सह्या दिल्यात." अण्णांनी पुतण्याकडून डब्यावरचं मोठ्यानं वाचून घेतलं. "ऐकलं का? संपूर्ण रथ, सर्व मानकऱ्यांसह. छापलं कुणी? तुमच्याच पोरानं. यात दोर हाय, मोगरी हाय, छत्री हाय. हार दाखवा."

रंगनाथ गर्दीतून धावत आला. "अण्णा, अहो, खेळणं आहे ते!"

"खेळणं? मग आमच्या दारात शेला घेऊन कशापायी आला व्हता?"

पंच डबा बघायला बसले. म्हातारे चष्मे पुसून पुसून प्लास्टिकचा रथ हातोहात फिरवायला लागले. जिवंत बाई टोपली घेऊन समोर उभी, आणि हे हार डब्यात शोधतायत! "अरे, लाजा वाटू द्या जरा!" मी ओरडले. पण मी पडले सासरी गेलेली लेक, माझं कोण ऐकतंय? छापलेलं आहे, काय करणार, असं पंच म्हणाले.

गंमत पुढंच आहे. अण्णांनी मान मिळवला, पण हार आणायचं विसरले. त्यांच्या घरात हार ओवतो कोण? रथ खोळंबला, ऊन चढलं, लोक चुळबुळ करायला लागले. पुतण्याला मोटारसायकलवर नाशिकला पाठवायचं ठरत होतं, तेवढ्यात आईनं टोपलीवरचा फडका काढला आणि आपला हार अण्णांच्या हातात दिला.

"देवाला ताटकळत ठिवू नका," ती म्हणाली.

अण्णांनी हार चढवला आणि रथ हलला. मी रडत होते, आई नाही.

घरी आल्यावर तिनं देव्हाऱ्याजवळचा रथ उचलून रंगनाथपुढं ठेवला. "यात माझा हार नाय?"

"डाय जमत नव्हती, आई. आणि मला वाटलं, घरचंच आहे..."

"मला इचारलं असतं तर मीच म्हणले असते, ऱ्हाऊ दे. तुझ्यापक्षा हार मोठा हाय का?" मग म्हणाली, "पण मोगरीवाल्याला इचारलं. मला नाय इचारलं."

रंगनाथनं डब्यावरचा 'संपूर्ण' शब्द त्याच आठवड्यात काढला. वर्षभर बुचं काढली आणि हाराची डाय केली. नखाएवढं पिवळं कडं, रथाच्या पुढच्या खुंटीला अडकतं. पाडव्याला नारळ आणि शेला घेऊन तो आईसमोर मांडी घालून बसला. "आई, तुझा हार डब्यात घालायची परवानगी दे."

आईनं शेला घडी घालून पेटीत ठेवला. नारळ फोडून भाजीत घातला. मग म्हणाली, "इचार करून सांगते."

त्याला आता पाच वर्षं झाली. दर चैत्रात अण्णांकडचा माणूस येतो, आई हार ओवून देते, आणि अण्णा तो रथाला घालतात. पिवळ्या कड्यांची गोणी गाळ्यात तशीच पडून आहे. रंगनाथ दर पाडव्याला सगळं काम टाकून गावी जातो, नवा शेला देतो, विचारतो, जेवतो, रात्री तिथंच राहतो. एरवी त्याला गावाकडं यायला सवड कुठली!

परवा मी आईला म्हटलं, "देऊन टाक ना आता. किती छळशील त्याला?"

"छळत नाय गं," आई म्हणाली. "एकदा दिली म्हंजे मंग तो इचारायला येणार नाय."